पंधरा पाळण्यांत वाळू

“वकीलसाहेब, तुम्ही स्वतः कधी बसलाय का ह्यात?”

राजनंदिनी मॅडमनी हे टोचून विचारलं नव्हतं. हातातल्या कागदावरची नजर वर न उचलता, पेनाचं टोपण दातात धरून, पुढचा रकाना शोधता शोधता विचारलं. पाणी प्यायलात का, असं एखाद्यानं विचारावं, तसं. पण गुरुप्रसादला बारीकसा धक्का बसला. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसा. तो “नाही” म्हणाला, आणि लगेच त्याला वाटलं की एवढ्याशा शब्दाला इतका वेळ लागायला नको होता.

मे महिन्यातली सकाळ होती, अकराचा सुमार. नदीकडच्या मैदानावर केरबाचा आनंदमेळा उभा राहत होता. दुकानांचे सांगाडे, घोड्यांचं चक्र, कापडाखाली झाकलेल्या छोट्या मोटारी, आणि मधोमध सोळा पाळण्यांचा आकाशपाळणा. मॅडम सरकारी खात्याच्या इंजिनिअर, तिशीच्या आतबाहेरच्या. त्यांची सही झाली तर उद्या संध्याकाळी मेळा सुरू व्हायचा, नाहीतर सुट्टीचा आठवडा हातचा जायचा. प्रत्येक पाळण्यात वाळूची पोती घालून चक्र तासभर फिरवून झालं होतं. चाचणी संपता संपता एका पाळण्यातली पोती उसवली, वाळू भुरभुर खाली आली, आणि केरबाच्या माणसांनी तो पाळणा रिकामा केला. उरलेल्या पंधरांत पोती तशीच बसून होती, शहाण्या गिऱ्हाइकासारखी.

“तसं काही आवश्यक नाही म्हणा,” मॅडम म्हणाल्या. “पण ह्या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय, वीज गेल्यास पाळण्यातल्या सर्व व्यक्तींना वीस मिनिटांच्या आत हाताने सुरक्षित खाली उतरवण्याची व्यवस्था आहे. हे तुम्हीच लिहिलंय ना? वीस मिनिटं कशावरून?”

केरबा बाजूलाच उभा होता. चाळिशीचा, रुंद, पावडर लावल्यासारखी वाळू हातभर लागलेला. तो म्हणाला, “साहेबांनी लिवलंय म्हंजे बरूबरच असणार की मॅडम. मी सही केलीया.”

गुरुप्रसादला ते वाक्य कुठून आलं ते चांगलं ठाऊक होतं. स्टेशन रोडवरच्या एका लॉजच्या लिफ्टसाठी त्यानं सहा वर्षांपूर्वी ते लिहिलं होतं. तिथून ते एका मंगल कार्यालयाच्या कागदात गेलं, तिथून बोटिंग क्लबच्या कागदात, आणि ‘लिफ्ट’च्या जागी ‘होडी’ आणि ‘होडी’च्या जागी ‘पाळणा’ असं होत होत ते इथं, ह्या उन्हात, मॅडमच्या बोटाखाली येऊन थांबलं होतं. त्याच्या वकिलीत असली वाक्यंच फार. खानावळींचे परवाने, लॉजच्या गिऱ्हाइकांची भांडणं, पोहण्याच्या तलावाबाहेरचे नियमांचे फलक, हुरडा पार्टी ठेवणाऱ्या शेतकऱ्यांचे करार. अठरा वर्षं त्यानं कोल्हापूरच्या खाण्यापिण्याची आणि मौजमजेची कागदपत्रं सांभाळली होती. बाररूममध्ये त्याच्या ऑफिसला पाळणाघर म्हणत. त्याला राग यायचा नाही, निदान तो दाखवायचा तरी नाही. पण तलावाबाहेरचा फलक लिहिणारा हा माणूस त्या तलावात कधी उतरला नव्हता. ज्या स्वयंपाकघरांच्या स्वच्छतेची त्यानं हमी लिहून दिली होती, त्यांची दारं त्यानं बाहेरूनच पाहिली होती. गल्ल्याजवळच्या टेबलावर बसायचं, चहा यायचा, सह्या व्हायच्या. आणि त्याच्या शर्टाच्या खिशात, मोबाइलवर, ज्येष्ठ वकील विजयसिंहांचा निरोप कालपासून उत्तर मागत पडला होता: हायकोर्ट बेंचच्या कामाला माझ्या चेंबरमध्ये या, एक जूनपासून, उद्यापर्यंत कळवा.

“बसतो मी,” तो म्हणाला. आपण असं का म्हणालो हे त्याला नीट कळलं नाही. एवढंच जाणवलं की ह्या बाईसमोर आपल्याला त्या वाक्यापासून लांब उभं राहायचं नाही.

“तुमची मर्जी. माझी चाचणी झालेली आहे.”

“एकटं नगा बसू,” केरबा म्हणाला. “त्यो पाळणा मोकळा हाय, तोल बिघडंल. दोघं बसा.”

तेव्हा तिकिटाच्या पत्र्याच्या खोक्यातून धोंडुबाई बाहेर आली. केरबाची आई, सत्तरीची, कोडोलीची. हिरवं नऊवारी, कपाळावर जुनं गोंदण, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चाळीस वर्षं तिनं ह्या खोक्यात बसून माणसांना पाळण्यात पाठवलं होतं.

“मी येतो,” ती म्हणाली. तिकडच्या बायका बोलतात तसं, बाप्याच्या तोंडचं. “मी बी कवा बसलो न्हाय.”

“आये, तू?” केरबा हसायलाच लागला. “तुला चक्कर यील.”

“आली तर आली. वकील हाईत की संगट.”

पाळण्याची आडवी दांडी खटकन बंद झाली. लोखंड उन्हानं तापलेलं होतं, गुरुप्रसादनं हात काढून घेतला आणि पुन्हा ठेवला. पाळणा मागं झुकत वर निघाला. पहिल्यांदा मैदान खाली गेलं, मग झाडं खाली गेली, मग वडाच्या शेंड्याची एक बाजू, जी जमिनीवरून कुणालाच दिसत नाही, ती अगदी जवळून दिसली, आणि त्यानं दांडी घट्ट धरली. भीती होती ती, शंकाच नाही. पण भीतीच्या पाठीला पाठ लावून दुसरं काहीतरी बसलेलं होतं, आणि ते ओळखीचं होतं. कुठलं, ते आठवेपर्यंत एक फेरी झाली. वर जाऊन खाली येताना कानाशी वारा भरला आणि त्याला आठवलं: पन्हाळ्याचा उतार. बावीस वर्षांपूर्वी, लग्न ठरल्यावर, अदितीला मागं बसवून तो पन्हाळ्याहून येत होता आणि पेट्रोल संपत आलं म्हणून त्यानं स्कूटर बंद करून उतारावर सोडली होती. इंजिनाचा आवाज गेला. नुसता वारा, आणि टायरांचा बारीक सूर, आणि तिचे दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर. “आता थांबणार कशी?” असं तिनं कानाजवळ विचारलं होतं आणि तो “बघू की!” असं ओरडला होता. तो! “बघू की” म्हणणारा माणूस आपल्यात केव्हातरी होता, आणि त्याला आपण नेमकं कुठल्या साली घरी पाठवलं, ह्याचा तो विचार करू लागला, आणि दुसऱ्या फेरीत पाळणा अगदी माथ्यावर आला तेव्हा मोटारीचा घरघराट एकाएकी बंद झाला. कुठंतरी ठक्क असा आवाज झाला. पाळणा दोनदा झुलला आणि थांबला.

मैदानावरचा कर्णा बंद पडला होता. पलीकडच्या वस्तीतला पिठाच्या गिरणीचा आवाजही.

“लाइट गेली!” खालून कुणीतरी ओरडलं.

एवढी शांतता त्यानं कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. कोल्हापूर खाली पसरलेलं होतं. कौलं, पत्रे, पाण्याच्या काळ्या टाक्या, देवळाचं शिखर, राजवाड्याचा मनोरा, रंकाळ्याची चकाकी. लांबवर जोतिबाचा डोंगर उन्हात भुरका झालेला. डावीकडं, झाडांच्या गर्दीत, बेंचची इमारत. तिच्यासाठी अण्णांनी, त्याच्या वडिलांनी, आयुष्याची कितीतरी वर्षं घातली होती. अण्णा दिवाणी वकील. कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच झालं पाहिजे म्हणून साखळी उपोषणाच्या मांडवात सतरंजीवर बसणारे, मुंबईच्या गाडीत पक्षकारांच्या पिशव्या सांभाळत रात्री काढणारे. कॉलेजात असताना गुरुप्रसादही त्यांच्या शेजारी त्या सतरंजीवर बसला होता, आणि तिथंच केव्हातरी न बोलता ठरून गेलं होतं की बेंच येईल तेव्हा आपला मुलगा तिथं उभा राहील. गेल्या ऑगस्टात बेंच आलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या अण्णांनी कोट घालून, काठी टेकत, उद्घाटनाच्या दिवशी बाहेरच्या रस्त्यावर उभं राहून त्या इमारतीला नमस्कार केला. आणि मुलगा त्या दिवशी एका खानावळीच्या गिऱ्हाइकाच्या तक्रारीला उत्तर लिहीत होता. गिऱ्हाइकाचं म्हणणं, पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी मागितली तेव्हा वाढप्यानं तोंड वाकडं केलं. अण्णांनी घरी येऊन कोट खुंटीला टांगला आणि काठी कोपऱ्यात ठेवली. ते बोलले असते तर बरं झालं असतं. काल विजयसिंहांचा निरोप वाचून दाखवला तेव्हाही ते फक्त “बघ” म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. अदितीनं विचारलं होतं, “तुला काय वाटतं ते सांग ना आधी.” आणि त्याला सांगता आलं नव्हतं. काय वाटतं हे बघायला माणसाला आत कुठंतरी जावं लागतं, आणि तो तर सगळीकडं गल्ल्याजवळच्या टेबलापर्यंतच जात आला होता.

“केरबाला टक्कल पडाय लागलंय,” धोंडुबाई म्हणाली.

“काय?”

“बघा की. वरनं दिसतंय. खालनं कळत न्हाय, उंच हाय त्यो.” ती दांडीवरून वाकून बघत होती आणि पाळणा तिच्या बाजूला कलत होता. “आणि माझ्या खोक्याचा पत्रा बगा, कसा गंजलाय. पावसात गळतंय, गळतंय म्हनून मी वरडतोय, तर म्हनतंय कसं, आये, पत्रा चांगला हाय.”

“मावशी, जरा सरळ बसा.”

“भ्याला व्हय?”

“थोडंसं.”

“मग आसं बोला की. भ्यालं तर भ्यालं म्हनावं.” तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. तळवा खरखरीत आणि गार होता. “आमचं मालक चार पाळण्यांचं लाकडी चक्र घिऊन जत्रंला जात व्हतं तवाधरनं मी बगतोय. वर गेल्याव माणसं दोनच गोष्टी करत्यात. एक तर वरडत्यात, न्हायतर गप बसत्यात. गप बसनारी जास्त भ्याल्याली असत्यात.”

“तुम्ही मग कधी का नाही बसलात?”

“गिऱ्हाइकाची जागा कशाला अडवायची? आणि तिकीट कोन फाडनार?” तिनं कमरेचा जुडगा चाचपला. “बस म्हनून बी कोन म्हनालं न्हाय, खरं सांगायचं तर.”

खालून मॅडमचा आवाज आला. त्यांनी हाताचा कर्णा केला होता. “वकीलसाहेब! ठीक आहात ना? ब्रेक धरलेला आहे, घाबरू नका!”

गुरुप्रसाद दांडी धरून अर्धवट वाकला. “मॅडम!” कोर्टात कधी लावला नव्हता एवढा आवाज लावून, तो ओरडला, “वीज जाणं हा पाळण्याचा दोष नाही! वीज गेली आणि ब्रेक लागला, हे उलट आमच्या बाजूचंच आहे! तसं लिहून घ्या!”

“लिहिलंय!” मॅडमही ओरडल्या. “पण आता तुमची वीस मिनिटं चालू आहेत! अकरा सत्तावीसपासून!”

धोंडुबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. “लई उंच कोर्ट भरवलंय की वकीलसाहेब तुमी.”

खाली धावपळ सुरू झाली. चक्र हातानं फिरवायचं तर कड्याला दोर बांधून ओढायला चार माणसं लागतात, आणि एकानं ब्रेक जरा जरा सैल करत राहायचं. वरून सगळं दिसत होतं. दोन माणसं चक्रापाशी होती. दोन चहाला गेलेली. केरबा ट्रककडं पळाला, ताडपत्रीच्या खाली शिरला, बाहेर आला, दुसऱ्या बाजूनं शिरला. “आरं दोर कुटाय?” अशी त्याची हाक दोनदा वर आली. दोर ट्रकमध्ये सगळ्यांत तळाला होता, त्याच्यावर घोड्यांच्या चक्राचे पत्रे, पत्र्यांवर खुर्च्या. खुर्च्या एकेक करून खाली यायला लागल्या. गुरुप्रसादनं घड्याळ पाहिलं. आठ मिनिटं झाली होती. त्याच्या मानेवरून घामाची धार पाठीत उतरली, आणि त्याला स्वच्छ समजलं की ते वाक्य खोटं आहे. कुणी मुद्दाम रचलेलं नव्हे. कुणी कधी पाहिलंच नव्हतं म्हणून खोटं. आणि त्याच्यावर केरबानं सही केली होती, साहेबांनी लिहिलंय म्हणून. उद्या ह्या पाळण्यात पोतं नसणार. एखादी बाई असणार, मांडीवर पोर घेतलेली.

एरवी असा विचार आला की तो ताबडतोब त्याच्यावर एखादं कलम पांघरायचा. आत्ता पांघरायला काही नव्हतं. वर आभाळ होतं, खाली लोखंड. त्यानं तो विचार तसाच उघडा राहू दिला, आणि आश्चर्य म्हणजे त्याला हलकं वाटायला लागलं. मनगटावर अजून म्हातारीचा हात होता. नदीवरून वारा आला, त्याला ओल्या मातीचा आणि कुठल्यातरी काठावर जळणाऱ्या पाचटाचा वास होता. पाळणा इंचभर झुलला आणि पंधरा पाळण्यांतली पोतीही त्याच्याबरोबर झुलली. ह्या शहरात माणसं जेवायला बाहेर पडतात, लग्नात नाचतात, तलावात उड्या मारतात, पाळण्यात बसून किंचाळतात, आणि त्यांनी हे सगळं करून हातीपायी धड घरी परत यावं म्हणून कुणीतरी नीट बघितलेलं असावं लागतं. ते काम अठरा वर्षं आपल्या टेबलावर होतं. आपण त्याला हलकं समजलो आणि म्हणून ते हलक्या हातानं केलं. ही गोष्ट त्याला लाजेची वाटली आणि त्याच क्षणी फार आनंदाचीही वाटली, कारण अजून हातात वेळ होता, आणि काम होतं, आणि ते सगळं खाली मैदानावर उन्हात मांडलेलं दिसत होतं. त्याला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा, डोक्यावर विरळ केसांचा, पांढरा शर्ट घातलेला वकील.

“मावशी,” तो म्हणाला, “ओरडू का?”

“वरडा की. कोन बगतंय?”

तो ओरडला. शब्द वगैरे काही नव्हता. आवाज मोकळा सुटला, आणि मैदानभर गेला. खुर्च्या उतरवणारी माणसं थबकली. केरबा ट्रकमधून उडी टाकून धावत आला. “काय झालं? साहेब! आये! काय झालं?”

“काय न्हाय रं!” धोंडुबाई वरून ओरडली. “साहेब खूश झाल्यात!” आणि मग तिनंही डोकं मागं टाकून एक लांब आरोळी ठोकली, आणि ठोकून झाल्यावर स्वतःच दचकून त्याच्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत दोघं हसत राहिली.

दोर मिळाला, माणसं आली, चक्र कुरकुरत हललं. एकेक पाळणा पोत्यांसकट खाली सरकत गेला. पाय जमिनीला टेकले तेव्हा गुरुप्रसादला अजून हसू आवरत नव्हतं. मॅडमनी घड्याळ दाखवलं. सव्वीस मिनिटं.

“म्हणजे हे वाक्य चुकीचं आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, काळजी होती. “मी ह्याच्यावर सही करू शकत नाही.”

केरबाचा चेहरा पडला. नेहमीचा गुरुप्रसाद असता तर इथं त्यानं ‘आत’ आणि ‘साधारणतः’ ह्यांच्यातला फरक सांगायला सुरुवात केली असती.

“करू नका,” तो म्हणाला. “चूक माझी आहे, केरबाची नाही. मी बघितल्याशिवाय लिहिलं. दोर तळाला होता म्हणून वेळ गेला. आता दोर चक्राजवळच ठेवतो, चार माणसांची नावं ठरवून घेतो, आणि लाइट आली की मुद्दाम बटण बंद करून पुन्हा करून बघू. जेवढा वेळ लागेल तेवढा लिहितो. नवीन प्रतिज्ञापत्र चारपर्यंत तुमच्या टेबलावर.”

मॅडमनी पुन्हा दातात धरलेलं पेनाचं टोपण काढलं. “आणि वर कोण बसणार? पोती?”

“मीच बसतो की.”

“मी बी,” धोंडुबाई म्हणाली.

लाइट आली बाराला. तोवर केरबानं हिरव्या रंगाची एक लोखंडी पेटी चक्राच्या पायाशी आणून ठेवली, तिच्यात दोर घातला, आणि चहाला गेलेल्या दोघांना सगळ्यांच्या देखत अशा काही शिव्या घातल्या की मॅडम नदीकडं बघायला लागल्या. पाळणा पुन्हा वर गेला. माथ्यावर पुन्हा तो ठक्क आवाज झाला, आणि ह्या खेपेला दोघंही कुणाची वाट न बघता ओरडली. अकरा मिनिटांत ती खाली होती. मॅडमनी पुन्हा करायला लावलं. बारा. “पंधरा लिहा,” त्या म्हणाल्या. आणि मग, इकडंतिकडं बघून, जरा हळू आवाजात, “पोती काढली की एक फेरी मला पण मारायची आहे. खात्याला सांगू नका.”

दुपारी ऑफिसात बसून त्यानं प्रतिज्ञापत्र नव्यानं लिहिलं. जुनं पान उघडून शब्द बदलायचा मोह झाला नाही. कोरं पान घेतलं. दोर कुठं, पेटी कुठली, माणसं कोण, ब्रेक कुणाच्या हातात. लिहिताना प्रत्येक शब्दामागं त्याला ती जागा दिसत होती. केरबाला समोर बसवून त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि केरबा म्हणाला, “ह्ये मला समजलं, साहेब,” आणि मग सही केली. चारला पाच मिनिटं कमी असताना कागद मॅडमच्या टेबलावर पोचले. मग रस्त्याच्या कडेला गाडी लावून त्यानं विजयसिंहांना फोन केला. हात जोडून बोलावं तसं बोलला, पण नाही म्हणाला. विजयसिंह म्हणाले, “अहो, लोक माझ्या पाया पडतायत ह्या जागेसाठी. कारण तरी सांगा.” “सर, माझं काम आहे इथं,” एवढंच तो म्हणाला, आणि त्याला जाणवलं की हे वाक्य आपण आयुष्यात पहिल्यांदा उच्चारतोय.

अण्णांना सांगणं अवघड होतं. संध्याकाळी ते पाटावर बसून भाकरी दुधात कुस्करत होते. अदिती वाढत होती. गुरुप्रसादनं सगळं सांगितलं, ओरडण्यासकट. अदिती पाठमोरी होती, तिचे खांदे हलत होते, हसत होती. अण्णांची बोटं दुधात थांबली.

“पाळण्यासाठी,” ते म्हणाले.

“हो, अण्णा.”

“आम्ही त्या मांडवात बसलो ते...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. जेवण पुरं केलं, हात धुतले, आणि दिवा लावायच्या आत खोलीत जाऊन पडले. सकाळचा पेपरही त्यांनी गुरुप्रसादनं मागितल्यावर दिला, त्याच्याकडं न बघता. गुरुप्रसादला वाईट वाटलं, पण आदल्या दिवशी आत सापडलेली ती जागा त्यानं हळूच चाचपून बघितली तर ती होती तिथंच होती. त्या सकाळी तो आपल्या एका पक्षकाराच्या खानावळीत गेला आणि पहिल्यांदाच गल्ल्यापाशी न थांबता सरळ आत स्वयंपाकघरात शिरला, तेव्हा भाकरी थापणाऱ्या तानाबाईनं मान वर न करता त्याला दम भरला, “पावणं, चपला बाहीर!” आणि तो चपला काढायला परत फिरला.

मेळा संध्याकाळी पाचला सुरू झाला. सहाच्या सुमाराला तो आणि अदिती मैदानावर पोचले तेव्हा कर्णे वाजत होते, भेळेच्या गाडीवर कांदा चिरला जात होता, आणि तिकिटाच्या खोक्यापुढं रांग अडलेली होती. रांगेच्या तोंडाशी काठी टेकून, कोट घालून, अण्णा उभे होते. रिक्षा करून एकटेच आलेले.

“वयाची अट कुठं लिहिलीय ते दाखवा,” ते धोंडुबाईला म्हणत होते.

“लिवल्याली न्हाय, पर मी इचारतोय, आजोबा, छातीचं दुखनं हाय का?”

“नाही.”

“चक्कर?”

“येत नाही.”

“मग कशाला भांडाय लागलाय? बसा की! संगट कोन हाय?”

“मी आहे, मावशी,” गुरुप्रसाद मागून म्हणाला. अण्णांनी वळून बघितलं आणि नजर फिरवली, पण त्यानं दिलेला हात त्यांनी धरला. पाळण्यात बसताना त्यांनी काठी अदितीच्या हवाली केली आणि कोटाची बटणं लावून घेतली, वरच्या बटणापर्यंत.

पाळणा निघाला. अण्णा ताठ बसले होते, दोन्ही हात दांडीवर, ओठ मिटलेले. पहिली फेरी अशीच गेली. दुसऱ्या फेरीत, खाली नवी माणसं बसवायला म्हणून चक्र थांबलं, तेव्हा ते दोघं माथ्यावर होते. ऊन तिरकं होऊन सगळ्या कौलांवर पडलं होतं. गुरुप्रसादला वाटलं, आता बोलावं. त्यानं झाडांच्या गर्दीकडं बोट केलं.

“अण्णा, ते बघा. बेंचची इमारत. ती तांबडी कौलं दिसतात ना, त्यांच्या मागं.”

अण्णांनी तिकडं पाहिलंच नाही. ते दुसऱ्या बाजूला, नदीकडं वाकले होते. डोळे बारीक केलेले, तोंड थोडं उघडं. पंचगंगेत वीसपंचवीस म्हशी डुंबत होत्या, पाण्याबाहेर नुसती शिंगं आणि काळ्या चमकणाऱ्या पाठी, आणि एक रेडकू काठावरून उतरायला तयार नव्हतं.

“अण्णा, इकडं. कोर्ट इकडं आहे.”

“राहू दे रे कोर्ट,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी दांडीवरचा एक हात सोडून मुलाचा खांदा गदागदा हलवला. “म्हशी बघ, म्हशी! उतरलं बघ, उतरलं! उतरलं की रे ते!”